चिलखतावरचा हिरवा रंग : कुठे द्यावा, किती द्यावा

गेल्या दिवाळीत मंडळातर्फे किल्ले पाहायला आम्ही चौघे गल्लोगल्ली फिरलो. बेळगावात हे काम दिसते तेवढे सोपे नाही. एकेका गल्लीत दोन-तीन किल्ले, प्रत्येकाची माहिती तोंडपाठ सांगणारी मुले आणि प्रत्येक ठिकाणी आग्रहाने हातावर ठेवलेली चकली. अशाच एका किल्ल्यावर महादरवाजाच्या आत, सदरेसमोर एक सरदार उभा होता. कुंभाराकडचा मातीचा नव्हे, शिशाचा. बोटभर उंच, पण चिलखताच्या कड्या मोजता येतील इतका नीट ओतलेला. घरातल्या जुन्या पेटीत सापडला म्हणे.

रंगवणारा मुलगा आठवीतला. त्याने सरदाराचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल, तलवारीची मूठ सगळे निळसर हिरवे केले होते. “जुनं दिसायला पाहिजे म्हणून,” तो म्हणाला. हात सुरेख होता, रंग कुठे ओघळला नव्हता. तरी आम्ही रंगकामाचा एक गुण कापला.

संध्याकाळी तो वडिलांबरोबर आला. तक्रार करायला नव्हे. “काका, एक गुण का गेला ते सांगा, पुढच्या वर्षी नीट करतो.” आम्ही म्हणालो, “अरे बाळा, लोखंड हिरवं होत नाही.” त्यावर त्याने विचारले, “मग काय हिरवं होतं? आणि किती हिरवं?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुण कापणाऱ्या चौघांपैकी एकालाही याचे धड उत्तर देता आले नाही. ते तेव्हा राहिले, म्हणून आता देत आहोत. दिवाळीला अजून वेळ आहे. ज्यांच्याकडे धातूचे सैनिक आहेत त्यांना हात बसवायला तेवढा पुरेल.

समईच्या पेरातला हिरवा

दसऱ्याआधी समई घासायला काढली की काय दिसते ते आठवा. दांडीचे तुकडे एकमेकांत फिरवून बसवतो त्या पेरांत, जिथे तेल मुरते, तिथे हिरवा चिकटा साठलेला असतो. जिथे रोज हात लागतो तिथे तो नसतो. तांब्याच्या तपेल्याला बाहेरून कडेच्या वळणाखाली हिरवे ठिपके असतात, फुगीर पोटावर नसतात. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू देत नसत. चुकून कोणी ठेवलीच तर ती ‘कळकली’ म्हणून टाकून देत. आंबटाने तांबे खाल्ले की हेच होते आणि ते पोटात जाणे वाईट. जुन्या मराठीत या हिरव्या थराला जंगाल म्हणत, आणि त्या रंगाचे कापड ते जंगाली.

जंगाल फक्त तांब्याला आणि तांबे मिसळलेल्या धातूंना येते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील, म्हणून या दोन्हींना येते. लोखंडात तांबे नाही. त्याला तांबूस-तपकिरी गंज चढतो. शिशाला हिरवे काहीच होत नाही. म्हणजे आपला सरदार जरी धातूचा असला तरी त्याच्यावर खरे जंगाल कधीच धरणार नाही. ते रंगानेच दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. नवे तांबे एका दिवसात हिरवे होत नाही. आधी त्याची लाली मंदावते, मग ते तपकिरी होते, मग काळपट, आणि त्या काळपट थरावर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड बसून हिरवा धरतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तांब्याच्या पत्र्याचा आहे. १८८६ साली तो उभा राहिला तेव्हा तांबूस तपकिरी होता; आज सगळे जग ओळखते तो हिरवा रंग पुरा चढायला पुढची तीसेक वर्षे गेली. रंगवताना हा क्रम पाळला नाही तर हिरवा रंग धातूवर चढलेला न वाटता वरून फासलेला वाटतो. त्या मुलाच्या सरदाराचे हेच झाले होते.

हिरव्यांतही जाती असतात. पावसाच्या पाण्याने आलेला जरा कोरडा, पिठूळ आणि फिका. समुद्राकडचा, म्हणजे गोव्या-कोकणाकडच्या घरांतल्या पितळी कड्या-कोयंड्यांवरचा, खाऱ्या हवेमुळे लवकर येतो आणि जास्त उठून दिसतो. तेल-चरबीमुळे येतो तो समईतल्यासारखा गडद, मेणचट. ढालीच्या चामड्याला लागून असलेल्या पितळेवर हा तिसराच येतो, कारण कमावलेल्या चामड्यात चरबी असते.

चिलखतात पितळ होते कुठे?

इथे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र थोडे दुरुस्त करावे लागते. साधा मावळा धातूचे चिलखत घालून डोंगर चढत नव्हता. अंगरखा, मुंडासे, कमरेला शेला, पाठीला ढाल, फार तर रुईदार जाड अंगरखा. चिलखत सरदाराचे, मोठ्या स्वाराचे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्याला मंदिलाखाली टोप घातला होता असे बखरी सांगतात. ते चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचे. त्यामुळे किल्ल्यावरचे पंचवीसच्या पंचवीस मावळे चिलखतात उभे केले असतील तर आधी ते बदला, रंगाचे नंतर पाहू.

सरदाराच्या अंगावरही बहुतेक सगळे लोखंड-पोलाद. कड्या लोखंडी, छातीवरचे पत्रे पोलादी, बाजूबंद पोलादी. पितळ येते ते बारीकसारीक जागी: बकले, खिळे, बिजागऱ्या, काही वेळा शिरस्त्राणाच्या कडेची पट्टी. काही चिलखतांत लोखंडी कड्यांमध्ये पितळी कड्या ओवून चौकटीची नक्षी केलेली असते. ती रंगवायला मिळाली तर मजा आहे, कारण एकाच चिलखतात एक कडी तपकिरी गंजते आणि शेजारची हिरवी होते. आणि सगळ्यांत ठळक जागा म्हणजे ढालीवरची चार पितळी फुले. ती शोभेची वाटतात, पण मागच्या बाजूला हात घालायचे पट्टे ज्या कड्यांना बांधतात त्या कड्यांचे खिळे या फुलांतून आरपार आलेले असतात. फूल, खिळा, चामडे तिथे एकत्र. ओलावा तिथेच अडकतो.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. पुढच्या वेळी महालक्ष्मीच्या दर्शनाला जाल तेव्हा मुलांना घेऊन तासभर तिथे काढा. काचेतून पाहताना त्यांना एकच काम द्या: लोखंड कुठे संपते आणि पितळ कुठे सुरू होते ते शोधायचे.

तोफांचेही असेच. गडांवर आज पडलेल्या दिसतात त्यांतल्या बहुतेक लोखंडी, म्हणून तपकिरी. विजापूरची मुलूखमैदान मात्र कांस्याची, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली. तिच्या अंगाची छटा वेगळी, गडद हिरवट. किल्ल्यावर एखादी तोफ हिरवी करायचीच असेल तर आधी ठरवा, ती ओतीव कांस्याची आहे का लोखंडाची.

तेव्हाचा की आत्ताचा?

हे सगळे त्या मुलाला सांगितले असते तर तो थांबला असता असे नाही. त्याच संध्याकाळी त्याने आणखी एक प्रश्न टाकला होता, आणि तो आम्हाला जास्त अडचणीचा वाटला. “काका, हा किल्ला तेव्हाचा दाखवायचा का आत्ताचा? तेव्हाचा असेल तर गंज कशाला?”

बरोबर होते त्याचे. नांदत्या किल्ल्यावरचा सरदार आपल्या हत्याराला गंज चढू देत नाही. त्याच्याकडे घासायला माणूस असतो, तेल असते, राख असते. हिरवे अंग म्हणजे ते चिलखत कोणी घालत नाही, ते टांगून ठेवले आहे किंवा मातीत पडले आहे. बाजारात मिळणाऱ्या परदेशी सैनिकांची गोष्ट निराळी. ग्रीक योद्ध्याचे शिरस्त्राण आणि छातीचे कवच खरोखर कांस्याचे असे, आणि आज ते जमिनीतून उकरून काढलेलेच आपण पाहतो. म्हणून त्या खेळण्यांवर हिरवे चढवायची पद्धत पडली. आपल्या मुलांनी ती तिथून जशीच्या तशी उचलली.

आम्ही चौघांत यावर बरेच बोललो. एकाचे मत, किल्ल्यावर जंगाल मुळीच नको. बाकीच्यांना ते पटले नाही. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला माहीत आहे, चार महिन्यांत घासलेले पितळसुद्धा खाचेतून हिरवे डोकावते. म्हणून आमचा कौल असा: पहाऱ्यावरच्या, चालत्या-फिरत्या माणसाच्या अंगावर जंगाल फक्त खाचेत, नखाने टोकरावे लागेल इतकेच. सदरेच्या भिंतीवर टांगलेली जुनी ढाल, दरवाजाच्या पितळी फुल्या, देवळाची घंटा, कांस्याची तोफ इथे मोकळा हात. आणि कोणी आजचा, पडका गड करत असेल तर त्यावर शिपाईच नकोत. मग काय हवे तेवढे हिरवे करा.

खरे जंगाल चढवायच्या नादाला लागू नका

आमच्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी हा उद्योग केला होता, तेव्हा आधी तेच सांगतो. पितळेचा तुकडा झाकणाच्या डब्यात ठेवायचा, तळाशी व्हिनेगर आणि मीठ. दोन-तीन दिवसांत त्याच्यावर झकास हिरवे चढते. चढले. म्हणून त्याच डब्यात हौसेने शिशाचे दोन सैनिकही ठेवले. त्यांना हिरवे तर आले नाहीच. आठवड्याभरात अंगभर पांढरी भुकटी सुटली. एकाचे नाक गेले, दुसऱ्याच्या हातातला भाला मोडून पडला. व्हिनेगरच्या वाफेने शिसे असेच झडते. ती पांढरी भुकटी विषारी, ती फुंकायची नसते हेही तेव्हा ठाऊक नव्हते. पितळी तुकड्याची कथाही पुढे बिघडली: मिठामुळे पावसाळ्यात तो आतून खात राहिला आणि हिरवी पूड कपाटात सांडू लागली.

जुन्या चित्रकारांनाही जंगालाने असाच दगा दिला आहे. तांब्यावर आंबवण चढवून खरवडलेले जंगाल हिरवा रंग म्हणून पोथ्यांत आणि लघुचित्रांत वापरत. कित्येक जुन्या पानांवर आज हिरव्याच्या जागी कागद तपकिरी पडून तडकलेला, कुठे भोक पडलेला दिसतो.

तेव्हा ॲक्रिलिक रंग. आणि शिशाचे जुने सैनिक नव्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नका, लाकडातूनही आंबट वाफ सुटत असते. प्लॅस्टिकच्या डब्यात, मऊ कागदात ठेवा. हाताळून झाले की साबणाने हात धुवा, रंगवताना ब्रशचे टोक तोंडाने ओले करू नका. लहान भावंडांच्या हाती शिशाचा सैनिक देऊच नका.

आता रंग

सैनिक साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवा. साच्याच्या सांध्याची रेघ दिसत असेल तर बारीक कानशीने काढा. ही कानस ओल्या कपड्यावर चालवा म्हणजे शिशाची धूळ उडणार नाही. मग प्राइमरचा एक पातळ हात, काळा किंवा गडद तपकिरी. प्राइमरशिवाय रंग धातूवर टिकत नाही, नखाने पापुद्रा निघतो.

लोखंडी भाग आधी उरका. काळपट करडा हात, वाळल्यावर कोरड्या ब्रशने कड्यांच्या माथ्यावर किंचित चंदेरी, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली पातळ तांबूस तपकिरी. यात फार वेळ घालवू नका.

पितळी भागाला डबीतला सोनेरी रंग तसाच लावू नका, तो लग्नाच्या मखरासारखा दिसतो. सोनेरीत चिमूटभर बर्न्ट अंबर मिसळा. वाळला की बर्न्ट अंबर आणि थोडा काळा पाण्यात ताकाइतका पातळ करून त्या भागावर सोडा. तो आपोआप खाचांत उतरतो. तांब्याच्या क्रमातली तपकिरी-काळपट पायरी ती हीच, आणि मुले नेमकी हीच गाळतात. हिरव्याची घाई झालेली असते. हा हात पूर्ण वाळू द्या, शक्यतो रात्रभर.

इथे एक काम विसरू नका: पाणी बदला, ब्रशही बदला. सोनेरी-चंदेरी रंगांत चमकीचे बारीक कण असतात. ते पाण्यात राहतात आणि पुढच्या हिरव्यात मिसळतात. मग जंगाल चमचम करते, आणि चमकणारे जंगाल कोणी पाहिले आहे का?

हिरवा तयार करताना हिरवा, थोडा निळा आणि पांढरा. कॅमलचे किंवा फेव्हिक्रिलचे साधे रंग पुरतात. परदेशी कंपन्या या कामासाठी तयार रंग विकतात, पण बोटभर सैनिकासाठी एवढा खर्च कशाला? दोन छटा करा, एक गडद निळसर, दुसरी जवळजवळ पांढरी. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते, म्हणून आधी एखाद्या मोडक्या सैनिकावर लावून पाहा. गडद छटा पातळ करून ब्रशचे टोक नुसते खिळ्याच्या कडेला टेकवा. रंग स्वतः खाचेत धावतो. फासू नका. मग तळहाताला जरा ओलावा लावून बोटाने उंचवट्यावरचा रंग पुसून काढा, जसे समईवर रोजच्या हाताने पुसले जाते तसे. खाचेत राहील तेवढेच तुमचे जंगाल. फिकी छटा त्याच्याही आत, सुईच्या टोकाएवढी, दोन-तीन ठिकाणी.

सैनिक वाळताना उभाच ठेवा. आडवा ठेवला तर रंग पाठीकडे ओघळतो, आणि पाणी पाठीकडे वाहत नाही. पावसाचे पाणी खिळ्यापासून खाली जाते, म्हणून चामड्यावर किंवा अंगरख्यावर फिकट हिरवा ओघळ काढायचा तो सरळ खाली. इथे प्रमाणाचे भान हवे. ५४ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे खऱ्या माणसाचा बत्तिसावा भाग. त्याच्या अंगावर एक मिलिमीटर रुंद ओघळ काढलात तर खऱ्या माणसावर तो सव्वातीन सेंटिमीटरचा पट्टा होतो, म्हणजे खिळ्यातून नळ सुटल्यासारखा. ओघळ केसाएवढाच काढा आणि लांबीही नखाच्या पांढऱ्या कडेएवढीच ठेवा.

चामड्याला टेकलेल्या फुलाच्या खालच्या कडेला मात्र ही फिकी छटा वापरू नका. तिथे समईतला मेणचट हिरवा हवा: हिरव्यात तपकिरीचा थेंब, पांढरा अजिबात नाही.

शेवटी धातू परत आणा. जवळजवळ कोरड्या ब्रशने फुलाचा माथा, बकलाची कड, तलवारीच्या मुठीची बोटे लागणारी बाजू यांवर सोनेरी-तपकिरी हलकेच फिरवा. चिलखताच्या पितळी कड्यांवर हा हात खांद्याला आणि कमरेला जास्त, कारण तिथे पट्टा घासतो. हिरव्याच्या शेजारी घासलेले पितळ दिसले की डोळ्याला हे वापरातले चिलखत वाटते. आम्हाला विचाराल तर या कामातला सगळ्यांत समाधानाचा क्षण हाच. आधीचा तासभर सैनिक बिघडलाच असे वाटत असते.

व्हार्निश मॅट घ्या. चकचकीत व्हार्निशखाली जंगाल ओले, शेवाळासारखे दिसते. किल्ल्यावर ठेवायचा सैनिक असेल तर दोन पातळ हात द्या, कारण अळीव आणि मोहरी उगवावी म्हणून मुले रोज किल्ल्यावर पाणी शिंपडतात आणि ते पाणी सरदारालाही चुकत नाही. पायाखाली मातीऐवजी चपटा दगड ठेवा.

तो मुलगा आता नववीत आहे. त्याने सरदाराचा जुना रंग उतरवून तो पुन्हा काळ्या प्राइमरपर्यंत आणला आहे, आणि या वेळी फक्त ढालीची चार फुले हिरवी करायची असे त्याचे चालले आहे. तिसऱ्या फुलाचा खिळा साच्यातच नीट उतरलेला नाही, तिथे काय करू, असे परवा विचारत होता.